ठमीचं माहेरपण

माझ्या सासूबाईंना कुणी विचारलं, मुलं किती, तर त्या सांगतात, तीन. अंकिताताई, आमचे युवराज आणि ठमी. ठमी हे कासव आहे. सुनेला लेक म्हणणाऱ्या सासवांवर माझा आधीपासूनच विश्वास नाही, त्यामुळं त्यात माझं नाव नव्हतं याचं मला काही वाटलं नसतं. पण कासवाचं होतं ना! तिथं माझं डोकं फिरलं. सरळ सांगायचं तर माझा जळफळाट झाला आणि तो वर्षभर पुरला.

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. आत्या, म्हणजे मुक्ताबाई, सांगोल्याकडच्या. टँकर आला की आधी घागर घेऊन पळायचं आणि मग शाळेत जायचं, अशा गावातल्या. लग्न होऊन सोलापुरात आल्या, सासरे लवकर गेले, आणि पुढं कितीतरी वर्षं त्यांनी कारखान्यातून टॉवेलांचे गठ्ठे घरी आणून कडा शिवल्या. त्या कडांवर दोन पोरं शिकवली. अजूनही कुणाच्या घरी हात पुसायला टॉवेल दिला की आत्या आधी कड उलटून टाके बघतात आणि मग हात पुसतात. टाके वाईट असले तर तोंड वाकडं करतात, मग समोर व्याही बसलेले असोत नाहीतर आमदार.

थोरल्या अंकिताताई इंजिनीअर झाल्या. बारावीनंतर घराबाहेर पडल्या त्या पाहुण्यासारख्याच येत राहिल्या. आधी हॉस्टेल, मग पुण्यातली नोकरी, आणि आता आयर्लंड. लग्न केलं नाही. आत्यांच्या मनाला हेच लागून राहिलं होतं की लेकीचं माहेरपण करायचं राहून गेलं. सासरच नाही तर माहेरपण कुठून करणार? दिवाळीला लॅपटॉप घेऊन येणारी आणि भाऊबीज उरकून जाणारी लेक माहेरवाशीण होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा त्यात काही दुःखाचं वाटलं नाही. माझी स्वतःची दुःखं पुरेशी होती.

आयर्लंडला जायच्या आधी ताई पुण्याहून गाडीनं आल्या आणि मागच्या सीटवरून एक टब उतरवला. टबात हे कासव. आफ्रिकेकडच्या जातीचं, जमिनीवर राहणारं, ताटाएवढं, अंगाचा रंग वाळक्या मातीचा. रीतसर सरकारी नोंदणी केलेलं आहे असं त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं, कारण आपल्याकडचं चांदण्यांच्या नक्षीचं कासव पाळणं गुन्हा आहे. ताईंनी त्याचं नाव मफिन ठेवलं होतं. आत्यांनी ते ऐकून घेतलं आणि दारातच ठमी करून टाकलं. नर की मादी ते अजून कळत नाही, असं ताई म्हणाल्या. आत्या म्हणाल्या, "मला कळतंय की. लेकच हाय."

मग त्या आत गेल्या, भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, कासवावरून ओवाळला आणि तुकडा बाहेर टाकला. मी लग्न होऊन या दारात उभी राहिले तेव्हा माझ्यावरूनही असाच तुकडा ओवाळला होता. म्हणजे मानपान सारखाच! घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, तसं हे नणंदेनं धाडलेलं कासव.

जुळे सोलापुरातला आमचा फ्लॅट मोठा नाही. मागची पूर्वेकडची खोली तेवढी मोकळी, आणि तिथं माझ्या माहेरचा दिवाण होता. माझ्या आईनं मोहोळच्या सुताराला समोर बसवून करून घेतलेला, आत गाद्या-गोधड्या मावतील अशी खोल पेटी असलेला. आई माझ्या लग्नानंतर फार दिवस राहिली नाही. तिच्या हातचं माझ्याकडं जे काही होतं ते म्हणजे हा दिवाण आणि एक जुनं सांडगीमिरच्यांचं भांडं.

मी एका खासगी शाळेत बालवाडीला शिकवते. त्या दिवशी शाळेतून घरी आले तर दिवाणाची वरची फळी भिंतीला टेकवलेली, गोधड्या माझ्या कपाटावर, आणि पेटीत माती पसरून त्यात ठमी.

"चांगली ऐसपैस हाय की," आत्या म्हणाल्या. "तुझ्या आयनं लाकूड बाकी झ्याक वापरलंया."

माझ्या आईचं कौतुक केल्यावर भांडणार तरी कसं? आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता. आयत्या दिवाणात कासव मात्र आमच्याच घरी बघायला मिळालं.

त्याच महिन्यात मला दिवस राहिल्याचं कळलं. घरात दोन नव्या गोष्टी आल्या, त्यातली चार पायांची पुढं गेली. मला कोरड्या उलट्या व्हायच्या तेव्हा आत्या म्हणायच्या, "हुतं असं, पयल्या पयल्यांदा." आणि ठमीनं एक वेळ पाला सोडला की लगेच आयर्लंडला फोन. बाजारातून तिच्यासाठी रोज लसूणघासाची जुडी यायची. सांगोल्याहून आत्यांच्या भावानं डाळिंबं पाठवली, त्यातलं सगळ्यात टपोरं ठमीसाठी बाजूला ठेवलं. ताई फोनवर किंचाळल्या की या जातीला फळ चालत नाही, तेव्हा ते डाळिंब मला मिळालं. मी खाल्लं नाही. कासवाचं उष्टं खायला मी काय वाटेवर पडले होते?

शिवाय लेकी बोले सुने लागे ही म्हण आमच्या घरी कासवामार्फत चालायची. आत्या दिवाणाशी मांडी घालून बसायच्या आणि मोठ्यानं म्हणायच्या, "ठमे, तू तरी ताटातलं समदं खातीस बाय. काही लोकांस्नी माझी भाकरी जाड लागती." मी स्वयंपाकघरात झाकण्या आपटायचे. युवराज मधे बसून मोबाईल बघायचे. आईपुढं मान हलवायची आणि बायकोपुढंही मान हलवायची, ही त्यांची संसाराची रीत. त्यांना टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसात बढती मिळाली ती बहुधा याच गुणावर.

खरी गोष्ट वेगळीच होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची पद्धत. आत्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "पयलं बाळतपन मोहोळलाच. रीत हाय." मी मान हलवली. पण मोहोळला माझं होतं कोण? वडील होते, ते आई गेल्यापासून बोलत नाहीत. दादा होता, तो वहिनीला विचारून बोलतो. आणि वहिनी आईच्या तेराव्यापासून मला घरी आले की "पाहुण्या कधी निघणार" म्हणते. मला तिथं कुणी बोलावणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पण सासूसमोर ते तोंडातून काढणं म्हणजे आपल्या हातानं आपलं नाक कापणं. ते मला जमणार नव्हतं.

मनात मी ठरवलं होतं की मोहोळ नाही तर नाही, ही मागची खोली आहे. पूर्वेचं ऊन येतं, बाथरूम जवळ आहे, आणि माझ्या आईचा दिवाण आहे. आईच्या घरी जाता येत नाही तर आईच्या दिवाणावर तरी बाळंत होऊन पडेन. एवढीच माझी मागणी होती आणि तीही मी कुणाला सांगितली नव्हती. जेव्हा जेव्हा त्या खोलीत डोकावायचे तेव्हा ठमी मान वर करून माझ्याकडं बघायची, जसं काही मीच तिच्या घरी आले होते.

नवरात्र झाल्यावर माझं डोहाळजेवण केलं. आत्यांनी हौसेनं केलं, ते नाकारणार नाही. हिरवी साडी, फुलांचे दागिने, शेजारच्या बायका. मोहोळहून दादा एकटा आला, साडी आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन. आत्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "मग न्यायला कदी येताय?"

दादा पेढ्याच्या बॉक्सची दोरी सोडत म्हणाला, "दवाखाने तसे सोलापुरातच चांगले हायेत म्हणा. बघू की. घरात विचारून फोन करतो."

"शेतात कामं आहेत सध्या," मी मधेच म्हणाले. माझं तोंड मी हसतं ठेवलं होतं. दादानं चहा घेतला आणि गाडी पकडायची म्हणून निघाला.

तेवढ्यात अंकिताताईंचा व्हिडिओ कॉल आला. बायका माझी ओटी भरत होत्या त्या थांबल्या. ताईंनी "किती छान दिसतेस श्रावणी" म्हटलं आणि लगेच, "आई, मफिन कुठंय?" फोन गेला मागच्या खोलीत. फोनमागं आत्या गेल्या, आत्यांमागं बायका गेल्या, कारण आयर्लंडची माणसं बघायची संधी कोण सोडणार? मी पाटावर फुलांचे दागिने घालून एकटी बसले होते आणि आतून ऐकू येत होतं, "अगंबाई, मान कशी काढती बघा!"

दादाचा फोन आला नाही.

दिवाळी संपली आणि सोलापूरला थंडी पडली. आमच्या गावाला उन्हाळ्यात माणूस गच्चीवर पापडासारखा वाळतो, त्यामुळं थंडीला आम्ही फारसं मोजत नाही. एक चादर जास्त घेतो आणि गप्प पडतो. पण ठमीच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. बाहेरून मिळेल तेवढीच. खोलीत सकाळचं ऊन यायचं ते काचेतून, आणि काचेतून आलेल्या उन्हात कासवाची हाडं आणि कवच घट्ट करणारी किरणं उरत नाहीत. म्हणून ताईंनी जाताना एक खोकं भरून सामान ठेवलं होतं. एक ऊब देणारा झगझगीत दिवा, एक त्या किरणांची लांब नळी, रात्रीसाठी उजेड न देता नुसता तापणारा चिनीमातीचा गोळा, आणि उष्णता मोजायची दोन यंत्रं. ताई तिकडून उंटावरून शेळ्या हाकायच्या. "दिवा एका टोकाला, वरून टांगायचा आई. दुसरं टोक गार ठेवायचं. तिला हवं तेव्हा तिनं उन्हात यावं, हवं तेव्हा सावलीत जावं."

आत्या "व्हय व्हय" म्हणायच्या आणि फोन ठेवल्यावर हात झटकायच्या. "उजेडानं कुटं ऊब येती व्हय? ऊब खालनं असती. माझी दोन बाळतपनं झाली सांगोल्यात. युवराज तर पौषातला. बाजंखाली शेगडी, वर गोधडी. दिवा टांगून कुनी बाळतीन जगवली का?"

ते खोकं तसंच माळ्यावर गेलं. किरणांची नळीही त्यांनी लावू दिली नाही, "खिडकीत ऊन हाय की."

मग एक दिवस माझी कमरेची पट्टी सापडेना. ही इलेक्ट्रिकची शेकायची पट्टी युवराजनी माझ्या कंबरदुखीसाठी आणली होती, सात महिन्यांत त्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या डोक्यानं आणलेली एकमेव वस्तू. मी कपाट उपसलं, गाद्या झटकल्या. शेवटी मागच्या खोलीत वायर दिसली. वायर दिवाणात शिरत होती. माझी पट्टी मातीखाली पसरलेली, वर ठमी, आणि ठमीवर चांगली जाड सोलापुरी चादर, नुसतं डोकं बाहेर. आत्यांनी तिला हुबेहूब बाळंतीण करून टाकली होती. ओव्याची धुरीही देणार होत्या. युवराजनी हात जोडले म्हणून राहिलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी खोली, माझा दिवाण, माझी पट्टी, आणि बाळंतीण ती! पण पट्टी मागून घेणं म्हणजे कासवाशी बरोबरी करणं, आणि तेवढी खाली मी अजून आले नव्हते. गरम पाण्याची पिशवी घेतली आणि झोपले.

थोड्याच दिवसांत ठमीनं पाला सोडला. चादर झुगारून कोपऱ्यात जायची आणि पुढच्या पायांनी फळी खरवडत राहायची. आत्या तिला उचलून परत मधे ठेवायच्या, पट्टीवर. "थंडी सोसंना बघ हिला," म्हणून पट्टीचं बटण वर सरकवायच्या.

त्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा पाय सुजले होते, पोटात पोरगी लाथा मारत होती. आत्या दिवाणाशी बसून घासाची काडी ठमीच्या तोंडाशी धरून आर्जवं करत होत्या. "खा की गं माझी बाय. काय पायजे तुला? सांग की. सासरला आल्यावानी का करतीस?"

मला एका घासासाठी कुणी इतकं विनवलं नव्हतं, कधीच. आई गेल्यावर तर नाहीच. मी दारातच फुटले.

"आत्या, ऊन कधी जमिनीतून उगवलेलं बघितलंय का?"

त्यांनी मान वळवली.

"ती बाळंतीण नाही. तिला जन्मापासून ऊन माहितीय ते पाठीवरचं. पाठ तापली की तिला कळतं, आता सरकायचं. पोटाखालून भाजलं तर काय होतंय तेच तिला समजत नाही. ताई घसा फोडून सांगतात, दिवा वर टांगा, दिवा वर टांगा. आणि बाळंतीणच पाहिजे असेल तर दुसरी आहे घरात! तिच्या कमरेची पट्टी काढून तुम्ही कासवाला शेकताय!"

"दुसरी बाळतीन मोहोळला जानार हाय," आत्या म्हणाल्या.

"कोण नेणार आहे मला मोहोळला? कुणी बोलावलंय? फोन आला नाही, येणारही नाही. मला माहेर नाही, आत्या. या कासवाला आहे, मला नाही!"

बोलून गेले आणि मला धाप लागली. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. आत्यांनी ठमीला दोन्ही हातांनी उचललं, उलटं करून पोटाकडची बाजू बघितली. कवचावर मधोमध लालसर डाग पडले होते. त्यांनी मातीत हात घातला आणि चटकन ओढून घेतला.

"भाजली की गं मी हिला," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. त्यांना रडताना मी सासऱ्यांच्या श्राद्धालाही पाहिलं नव्हतं.

युवराजना फोन करून बोलावलं. जनावरांच्या डॉक्टरांनी मलम दिलं, वेळेत कळलं म्हणाले, आणि पट्टी बंद करायला सांगितली. घरी आल्यावर आत्यांनी डोळे पुसले, पदर खोचला आणि माझ्याकडं वळल्या. आता रडणं संपलं होतं, राग आला होता.

"आन तू! कुनी बोलवलं न्हाय, ह्ये मला सांगितलं का न्हाईस?"

"तुम्हीच म्हणालात, रीत आहे."

"रीत सांगावी लागती. सासू हाय मी. माझ्या मनात काय हाय ते कोन इचारतंय?" त्या खाली बसल्या. "युवराजचं पयलं लेकरू. त्याला पयलं पानी मोहोळची बाई घालनार. टाळू ती भरनार. पयल्यांदा हसंल ते तिच्याकडं बघून. आन मी हितं कासवाला पाला निवडत बसनार. माझ्या पोटात काय होत आसंल? खोली मोकळी ठिवली आसती तर रोज बघून जीव तुटला आसता. म्हनून ठमीला ठिवली."

मला साधा एक फोन न करणाऱ्या माझ्या वहिनीवर ही बाई सहा महिने जळत होती. मी कासवावर जळत होते आणि ही मोहोळवर. एका घरात दोघी, आणि मधे युवराज मोबाईल बघत.

"मग माझं बाळंतपण तुम्ही करणार का?" मी विचारलं. विचारताना माझा आवाज अजून भांडणाचाच होता.

"न्हाय, ठमी करंल," आत्या म्हणाल्या. "म्हनं करनार का!"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खोली धुवायला काढली. माझ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं की बाळाच्या खोलीत कासव ठेवायचं नाही, कासवाला हात लावला की साबणानं हात धुवायचे, आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी तर अजिबात नाही. शेवटचं ऐकून आत्यांचं तोंड एवढंसं झालं, पण भाजल्याचा धसका ताजा होता, त्यामुळं वाद घातला नाही. "ठमे, हल बाय आता," त्या म्हणाल्या. "बाळतीन येतीया." हे वाक्य मी मनात कितीतरी वेळा परत म्हणून बघितलं.

दिवाण मात्र मला परत मिळाला नाही. तो ठमीसकट बाहेरच्या खोलीत गेला, टीव्हीच्या समोर. मला लोखंडी कॉट आली. घ्या! पण यावेळी सगळं ताईंनी सांगितलं तसं केलं. फोन समोर उभा करून ताई सांगत होत्या आणि युवराज स्टुलावर चढून करत होते. दिवाणाच्या एका टोकावर छताच्या हुकातून साखळीनं दिवा टांगला, मोजपट्टीनं अंतर मोजून, खाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला. ती फरशी तापते आणि कासव त्यावर पडून पाठीवर ऊन घेतं. शेजारी तो रात्रीचा चिनीमातीचा गोळा, खोली जास्त गार झाली की आपोआप चालू होणारा. लांब नळी दिवाणाच्या लांबीला, मधे काच नाही, जाळी नाही. दुसऱ्या टोकाला फुटका माठ आडवा पुरून सावलीची जागा. एक मोजयंत्र फरशीवर, एक माठाशी. आत्या दोन्हीकडं आलटून पालटून बघत होत्या आणि ताईंना आकडे मोठ्यानं वाचून दाखवत होत्या, जसं काही पोरीचा निकाल लागला होता.

दिवा लावला. ठमी बराच वेळ माठात राहिली. मग बाहेर आली, सावकाश चालत फरशीवर चढली आणि चारी पाय पसरून, मान लांब टाकून पडली.

"बघ, कशी हातपाय सोडून पडलीया," आत्या म्हणाल्या. "माहेरला आल्यावर पोरी अशाच पडत्यात."

मला तिचा हेवा वाटला. तेव्हाही वाटला. समेट झाला म्हणून स्वभाव बदलत नाही.

संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात मला मुलगी झाली. आत्यांनी तिला पहिलं पाणी घातलं, टाळू भरली, आणि पहिल्यांदा ती कुणाकडं बघून हसली यावर आमचं अजून एकमत नाही. मला रोज तेल लावून अंघोळ, डिंकाचे लाडू, कमरेला पट्टी, आणि जेवताना आत्या समोर बसणार. "अजून अर्दी भाकरी घे. दूध कुटनं येनार?" मी नको म्हणायचे, मुद्दाम, म्हणजे त्यांनी पुन्हा म्हणावं. त्या म्हणायच्या. ठमीला पाला टाकायची आठवण आता युवराजना करावी लागते. आणि आत्या नातीशी इतकं बोलतात की मधूनमधून मला माझ्याच पोरीचा हेवा वाटतो. याला औषध नाही.

परवा रविवारी दुपारी आत्या माझ्या डोक्याला तेल घालत होत्या. मी कॉटवर भिंतीला टेकून, पोरगी मांडीवर झोपलेली. ताईंचा कॉल आला. तिकडं त्या अंथरुणातच होत्या, अंगात जाड जाकीट, डोक्यावर टोपी. खोलीचा हीटर बंद पडलाय आणि घरमालक उद्या बघतो म्हणालाय, असं सांगून त्या म्हणाल्या, "आई, फोन जरा मफिनकडं ने ना."

"थांब की," आत्या म्हणाल्या. "हिचं त्याल जिरू दे आदी."

फोन उशीला टेकवलेला होता. ताई बघत राहिल्या. आत्यांची बोटं माझ्या केसांत फिरत होती, माझे डोळे अर्धे मिटले होते. उघडले तेव्हा ताईंचं तोंड दिसलं. ते तोंड मला चांगलंच ओळखीचं होतं. वर्षभर मी तेच आरशात बघत होते.

"श्रावणी, तुझी चैन आहे बाई," त्या हसून म्हणाल्या. हसू मधेच संपलं. "आई, मी येऊ का गं? थोडे दिवस. माझ्या पण डोक्याला तेल घाल."

आत्यांचं सगळं लक्ष माझ्या भांगात होतं. "ये की," त्या म्हणाल्या. "पर झोपशील कुटं? खोली तर हिनं भरलीया."

गंमतच केली त्यांनी. पलीकडं काही हलेना. चित्र अडकलं असं वाटून आत्या तेलकट बोटानं फोन हलवू लागल्या. अडकलं नव्हतं. ताईंनी टोपी कपाळावर खाली ओढली होती आणि त्या दुसरीकडं बघत होत्या.

मला वाटलं होतं, असा दिवस आला की मला गोड वाटेल. वाटलंही. खोटं कशाला बोलू, क्षणभर फार बरं वाटलं. मग मी आत्यांच्या हातातून फोन घेतला.

"या ताई," मी म्हणाले. "मी सरकते."